मोटारीचा बोलका फलक



मोटार चालविणाऱ्या माणसाला आपल्या गाडीची प्रकृति कळण्याचीं साधनें पूर्वीं मोठीं साधीं असत. कान, नाक आणि हात, हींच तीं साधनें. मिस्तरी लांब स्क्रूड्रायव्हरचें टोंक एंजिनावर टेकवी, मूठ कानाशीं धरी आणि आंतील ठोक्यांवरून बेअरिंगची झीज ओळखी. स्पार्क प्लग काढून तो त्याच्या टोंकाचा रंग पाही. रंग फिकट तपकिरी असला म्हणजे पेट्रोल व हवा यांचें मिश्रण ठीक; काजळी धरली असली म्हणजे पेट्रोल अधिक; पांढरा पडला असला म्हणजे पेट्रोल कमी. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून तयार होऊं लागलेली आणि १९७४ नंतर 'प्रीमियर पद्मिनी' या नांवानें घरोघरीं ठाऊक झालेली फियाट याच विद्येवर पिढ्यान्‌पिढ्या चालली. कार्ब्युरेटरचा एक स्क्रू अर्धा फेरा फिरवावा, कान द्यावा, पुन्हां फिरवावा, एवढ्यांत तिचें 'ट्यूनिंग' आटोपत असे.

आजच्या मोटारींत ही विद्या अपुरी पडते. कार्ब्युरेटर गेला आणि त्याच्या जागीं संगणक आला. सिलिंडरांत किती पेट्रोल सोडावयाचें, ठिणगी केव्हां पाडावयाची, रेडिएटरचा पंखा कधीं सुरू करावयाचा, हे सर्व निर्णय एक लहानशी बंद पेटी दर सेकंदास अनेकवार घेत असते. त्यासाठीं लागणारी माहिती तिला ठिकठिकाणीं बसविलेल्या सेन्सरांकडून मिळते. म्हणजे गाडीला स्वतःच्या प्रकृतीचें ज्ञान पूर्वींपेक्षां किती तरी अधिक आहे. मात्र तें मालकाच्या डोळ्यांपर्यंत पोंचत नाहीं. पुष्कळ नव्या गाड्यांत एंजिनाचें उष्णतामान दाखविणारा कांटासुद्धां काढून टाकलेला आहे. त्याच्या जागीं एक निळा आणि एक तांबडा दिवा असतो. तांबडा दिवा लागतो, तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. आंतील हें ज्ञान थोडक्या खर्चांत बाहेर काढून एका लहान स्क्रीनवर कसें मांडतां येतें, त्याच स्क्रीनवर गाणीं, नकाशा आणि नभोवाणी कशी आणतां येते, आणि हा उद्योग करतांना कोठें थांबावें, हें आज सांगावयाचें आहे.

हा विषय पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींपुरता आहे असें कोणीं समजूं नये. नांदेड जिल्ह्यांतील भोकर हें तालुक्याचें गांव घ्या. कल्याणकडून येऊन नांदेडवरून निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथूनच पुढें तेलंगणांत उतरतो. मुदखेडहून आदिलाबादेस जाणारी रेल्वेही याच गांवावरून जाते. परंतु रेल्वेच्या वेळा ठराविक, आणि आजारपण, बाजारहाट, कोर्टकचेरी यांना वेळ विचारून येतां येत नाहीं. म्हणून नांदेड गांठावयाचें तर भरवसा जीपवर किंवा लहान मोटारीवर ठेवावा लागतो. वैशाखांतलें बेचाळीस अंशांचें ऊन, गाडींत सात माणसें, वातानुकूलन चालू, आणि रेडिएटरच्या जाळींत काळ्या मातीची धूळ बसलेली, अशा स्थितींत पाणी उकळून हेड गॅसकेट उडालें, तर भाड्याच्या गाडीची कित्येक दिवसांची कमाई एका दुपारीं जाते. आंत आजारी माणूस असेल, तर प्रश्न पैशाचा राहतच नाहीं. उष्णतामान ९० अंशांवरून ९८ वर, ९८ वरून १०५ वर चढूं लागलें आहे, हें दहा मिनिटें आधीं कळलें म्हणजे वातानुकूलन बंद करतां येतें, वेग कमी करतां येतो, झाडाच्या सावलींत गाडी उभी करतां येते. या फलकाचें खरें मोल तेथें आहे.

आतां, ही माहिती बाहेर येते कोठून? चालकाच्या गुडघ्याच्या वरच्या बाजूस, स्टिअरिंगच्या खालीं, सोळा छिद्रांचें एक सॉकेट असतें. त्याचा जन्म प्रदूषणाच्या काळजींतून झाला. धूर शुद्ध करणारी यंत्रणा बिघडली तर गाडीनेंच तें ओळखून सांगावें, आणि कोणत्याही कंपनीच्या गाडीला एकाच प्रकारें प्रश्न विचारतां यावा, असा आग्रह प्रथम कॅलिफोर्नियानें धरला. १९९६ पासून अमेरिकेंत नव्या मोटारींस ही व्यवस्था सक्तीची झाली. युरोपांत पेट्रोल-मोटारींस २००१ पासून. आपल्याकडे 'भारत स्टेज चार' या मानकाबरोबर २०१० मध्यें तिचा पहिला आणि २०१३ मध्यें दुसरा टप्पा आला. तें मानक आधीं मोठ्या शहरांपुरतें होतें. सर्व देशाला तें २०१७ च्या एप्रिलपासून लागू झालें, आणि २०२० च्या एप्रिलपासून 'भारत स्टेज सहा' आलें. म्हणून २०१७ पूर्वींची गाडी असेल, तर सॉकेट दिसलें तरी तें सर्व प्रश्नांस उत्तर देईलच असें नाहीं; साहित्य विकत घेण्यापूर्वीं एखाद्या मिस्तरीच्या स्कॅनरनें तेवढें पाहून घ्यावें.

या सॉकेटामागें बोलणें चालतें कसें, तें समजून घेण्यासारखें आहे. गाडींतील संगणक एक नसून अनेक असतात: एंजिनाचा, ब्रेकचा, एअरबॅगचा, दिव्यांचा. प्रत्येकाला प्रत्येकाशीं निराळ्या तारेनें जोडलें तर तारांचें रान माजेल. म्हणून जर्मनींतील बॉश कंपनीनें १९८६ मध्यें एक पद्धति पुढें आणली. तिचें संक्षिप्त नांव 'कॅन'. हिच्यांत सर्व संगणक एकमेकींभोंवतीं पिळलेल्या दोनच तारांना जोडलेले असतात. चावडीवर बसलेल्या मंडळींत एकाचें बोलणें सर्वांस ऐकूं जावें, आणि ज्याचा संबंध असेल त्यानें तें ध्यानांत घ्यावें, तसा हा प्रकार. दोघे एकदम बोलूं लागले तर? प्रत्येक निरोपाच्या आरंभीं एक क्रमांक असतो. ज्याचा क्रमांक लहान त्याचा मान मोठा. मोठ्या क्रमांकाचा संगणक आपण होऊन थांबतो, आणि लहान क्रमांकाचा निरोप एक अक्षरही न गमावतां पुरा होतो. त्यामुळें महत्त्वाचा निरोप क्षुल्लक निरोपासाठीं खोळंबत नाहीं.

तारा पिळलेल्या असण्यालाही कारण आहे. स्वस्थ असतांना दोन्ही तारांवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. निरोप जातांना एक साडेतीनवर चढते आणि दुसरी दीडवर उतरते. ऐकणारा फक्त दोहोंमधील अंतर मोजतो. ठिणगीचा खरखराट दोन्ही तारांवर सारखाच आदळतो, म्हणून अंतरांत तो उरत नाहीं. या तारा सॉकेटाच्या ६ आणि १४ क्रमांकांच्या छिद्रांत सांपडतात. ४ मध्यें अर्थ आणि १६ मध्यें बॅटरीचें धन टोंक असतें. ज्याच्याजवळ मल्टिमीटर असेल त्यानें गाडी बंद ठेवून ६ आणि १४ यांमधील रोध मोजावा. दोन्ही शेवटांस १२० ओहमचे रोधक असल्यामुळें बहुतेक गाड्यांत तो ६० ओहमच्या आसपास भरतो.

प्रश्न विचारण्याची रीत अगदीं मोजकी आहे. दोन अंक पाठवावयाचे. पहिला अंक १, म्हणजे 'सध्यांची स्थिति सांग'. दुसरा अंक कोणती स्थिति तें सांगतो. ५ म्हणजे कूलंटचें उष्णतामान, १२ म्हणजे एंजिनाचे फेरे, १३ म्हणजे वेग. उत्तर ० ते २५५ यांमधील एका किंवा दोन आंकड्यांनीं येतें, आणि त्याचा अर्थ आपण लावावयाचा असतो. उष्णतामानाच्या उत्तरांतून ४० वजा करावे लागतात. १३० आलें तर ९० अंश. हे ४० कशासाठीं? थंड मुलुखांत पारा शून्याखालीं जातो, आणि ऋण चिन्ह न वापरतां तेंही सांगतां यावें, म्हणून मोजणी उणे ४० पासून आरंभिली आहे. फेऱ्यांसाठीं दोन आंकडे येतात. पहिल्याला २५६ नें गुणावें, त्यांत दुसरा मिळवावा, आणि बेरजेला ४ नें भागावें. २६ आणि २४८ असें उत्तर आलें, तर ६६५६ आणि २४८ मिळून ६९०४. चारानें भागून मिनिटास १७२६ फेरे. आठवीच्या मुलाला जमेल असें हें गणित आहे, आणि फलकाचा सारा कारभार अशाच गणितावर चालतो.

साहित्य पांच प्रकारचें लागतें. सॉकेटांत बसणारा दुभाषी, लहान संगणक, स्क्रीन, विजेची व्यवस्था आणि प्रोग्रॅम. दुभाषा म्हणून 'ईएलएम ३२७' नांवाची चिप प्रसिद्ध आहे. ती गाडीची बोली साध्या अक्षरांत उतरवून देते. मूळ चिप कॅनडांतील. बाजारांत मात्र तिच्या नकला फार, आणि त्यांतील कांहीं निम्मे प्रश्न गिळून टाकतात. संगणक म्हणून 'रास्पबेरी पाय' पुरतो. शिकणाऱ्या मुलांसाठीं इंग्लंडांत काढलेला आणि २०१२ च्या फेब्रुवारींत विक्रीस आलेला हा संगणक पत्त्याच्या पानाएवढा आहे. त्याला सात इंचांची स्क्रीन जोडावी, आणि 'पायथन' या संगणकी भाषेंत वरील गुणाकार-भागाकार लिहावे. तयार प्रोग्रॅमही फुकट मिळतात. परंतु पहिला प्रोग्रॅम स्वतः लिहावा, म्हणजे स्क्रीनवरचा आंकडा कोठून आला तें पुढें कधीं विसरावयाचें नाहीं.

हौशी माणसांचे फलक बहुधा बिघडतात ते विजेपायीं. मोटारीची वीज बारा व्होल्टची म्हणतात खरी, पण ती बाराची क्वचितच असते. गाडी उभी असतांना भरलेल्या बॅटरींत १२.६ व्होल्ट, एंजिन चालूं लागलें म्हणजे चौदाच्या आसपास, स्टार्टर फिरतांना नऊच्याही खालीं. आणि चालत्या एंजिनावर बॅटरीची तार निसटली, तर क्षणभर चाळिसाच्याही पुढें उसळी जाऊं शकते. रास्पबेरीला तर स्थिर पांच व्होल्ट हवे. म्हणून मोटारीसाठींच बनविलेला, उसळी सोसणारा व्होल्टेज कमी करणारा भाग घ्यावा, आणि बॅटरीच्या टोंकाजवळच फ्यूज बसवावा. फ्यूज स्क्रीनजवळ बसविला तर मधली सारी तार निराधार राहते. ती पत्र्यावर घासून उघडी पडली, तर आग लागण्यास तेवढें पुरे.

दुसरा धोका संथ आहे. सॉकेटांतील १६ वें छिद्र किल्ली काढल्यावरही जिवंत असतें. दुभाषी तेथें तसाच राहिला आणि त्यानें केवळ ५० मिलिअँपिअर घेतले, तर महिन्याच्या ७२० तासांत ३६ अँपिअर-तास संपतात. लहान मोटारीची बॅटरी सुमारे ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे महिनाभर गांवीं गेलेल्या मालकाची गाडी परतल्यावर सुरूच होणार नाहीं. यासाठीं वीज किल्लीबरोबर चालूं-बंद होणाऱ्या तारेवरून घ्यावी. मात्र संगणकाची वीज एकाएकीं तोडली तर त्याचें स्मृतिकार्ड बिघडतें. म्हणून किल्ली फिरल्याचें कळल्यावर त्याला अर्धा मिनिट जगूं देऊन मग वीज तोडणारा रिले बसवावा.

तिसरा शत्रु आपल्या मुलुखाचा खास, तो म्हणजे ऊन. बंद करून उन्हांत ठेवलेल्या गाडीच्या आंत साठ अंशांपलीकडे पारा जातो, आणि डॅशबोर्डचा पृष्ठभाग त्याहूनही तापतो. साध्या स्क्रीनी साठ-सत्तर अंशांपर्यंतच्याच असतात. रास्पबेरीची चिप ८० अंशांवर गेली म्हणजे स्वतःचा वेग आपण होऊन कमी करते, आणि फलक अडखळूं लागतो. तेव्हां संगणक डॅशबोर्डवर न मांडतां खालीं, हवा लागेल अशा जागीं ठेवावा. स्क्रीन काढतां-घालतां येईल अशी बसवावी आणि उन्हाळ्यांत उतरतांना ती काढून बरोबर न्यावी. एअरबॅग जेथून उघडते तेथें कांहींही चिकटवूं नये. अपघाताच्या क्षणीं तीच स्क्रीन छातीवर आदळेल.

आतां 'ट्यूनिंग' या शब्दाकडे वळूं. फलकावर चाळीस आंकडे नाचविण्यांत अर्थ नाहीं, पांच पुरे. उष्णतामान, फेरे, बॅटरीचे व्होल्ट, ठिणगीचा आगाऊ कोन, आणि इंधन-सुधारणा. यांतील शेवटचा आंकडा सर्वांत बोधप्रद आहे. धुरांतला प्राणवायु मोजून संगणक ठरवितो कीं आपण पेट्रोल कमी सोडलें कीं जास्त, आणि त्याप्रमाणें पुढचें प्रमाण टक्क्यांनीं वाढवितो किंवा घटवितो. मूळ आंकडा १२८ असला तर सुधारणा शून्य. १४१ असला तर सुमारे दहा टक्के अधिक. निरोगी एंजिनांत ही सुधारणा शून्याच्या आसपास, पांच-सात टक्क्यांत झुलत राहते. ती उभ्या गाडींत फार वर आणि वेगांत मात्र ठीक दिसली, तर कोठें तरी रबरी नळींतून चोरटी हवा शिरत असावी. उलट, चढावर आणि ओझ्याखालीं ती वाढूं लागली, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर थकला असावा. स्पार्क प्लगच्या रंगावरून मिस्तरी जें ओळखीत असे, तेंच हें ज्ञान. फक्त आतां तें चालत्या गाडींत आणि आंकड्यांत मिळतें.

याचें एक ताजें उदाहरण घ्या. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पुरता जळण्यास वजनानें १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला केवळ ९ भाग. २०२५ पर्यंत देशांत पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें धोरण अमलांत आलें, आणि अशा मिश्रणाला सुमारे साडेतेरा भाग हवा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन अधिक लागतें. जुन्या हिशेबानें बांधलेल्या एंजिनाचा संगणक ही तूट कांहीं टक्क्यांच्या सुधारणेनें भरून काढतो, आणि तें फलकावर दिसतें. पेट्रोल-पंपावर 'गाडी जास्त पिते' म्हणून चालणाऱ्या वादांत, निदान आपल्या गाडीपुरता पुरावा मालकाच्या हातीं येतो. सुधारणा थोडी वाढून स्थिर राहिली तर काळजी नको. ती वाढतच चालली तर इंधनाखेरीज दुसरें कारण शोधावें.

येथें एक सीमारेषा स्पष्ट सांगितली पाहिजे. वाचणें निराळें आणि लिहिणें निराळें. वर सांगितलेले प्रश्न विचारल्यानें एंजिनाला इजा होत नाहीं. परंतु त्याच सॉकेटांतून संगणकाच्या आंतील कोष्टकें बदलून ठिणगी पुढें-मागें करण्याचा आणि पेट्रोल वाढविण्याचा उद्योगही चालतो. ठिणगी फार आधीं पाडली तर मिश्रण भडकून पिस्टनावर हातोड्यासारखें आदळतें, आणि उन्हाळ्यांतल्या तापलेल्या हवेंत हा धोका वाढतो. प्रयोगशाळेंतील चांचणी-मंचाशिवाय असले फेरफार करणें हा स्वतःच्या गाडीवरचा जुगार होय. पुण्याची 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही १९६६ मध्यें स्थापन झालेली संस्था ज्या चांचण्या घेते, त्या याच कोष्टकांच्या भरवशावर उतरलेल्या असतात. कायद्याची दृष्टीही कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावतांना सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत सांगितलें कीं, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल गाडींत करतां येणार नाहीं. म्हणून मूळ तारा कापूं नयेत, मूळ संगणकाला हात लावूं नये. जें जोडावयाचें तें काढून घेतां येईल असेंच जोडावें. बिघाडाचा पिवळा दिवा पुसून टाकण्याचा प्रश्नही याच भाषेंत आहे. तो विचारल्यास दिव्याबरोबर बिघाडाच्या क्षणाची नोंदही पुसली जाते, आणि मिस्तरीच्या हातांतला धागा तुटतो. आधीं संकेत वहींत लिहून घ्यावा. 'पी ०१७१' असा संकेत दिसला, तर 'मिश्रणांत इंधन कमी' एवढें तरी आपणांस गॅरेजांत पाऊल टाकण्यापूर्वीं कळलेलें असतें.

करमणुकीचा भाग मीं मुद्दाम शेवटीं ठेवला. तोच संगणक गाणीं वाजवितो, नकाशा दाखवितो, आणि अंगठ्याएवढा ग्राहक जोडला तर नांदेड केंद्राच्या बातम्याही ऐकवितो. येथें एक त्रास हटकून होतो. स्पीकरांतून शीळ ऐकूं येते आणि एंजिनाच्या फेऱ्यांबरोबर ती चढते. संगणक आणि ध्वनिवर्धक यांची अर्थ दोन निरनिराळ्या जागीं जोडलेली असल्याची ती खूण होय. दोन्ही एकाच बिंदूस जोडावीं म्हणजे शीळ बहुधा थांबते. चालत्या गाडींत चित्रपट तर राहोच, पण आंकडेही टक लावून पाहूं नयेत. ताशीं ६० किलोमीटर वेगानें गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढें जाते, आणि भोकरच्या रस्त्यावर तेवढ्यांत एखादें वासरूं आडवें येऊं शकतें. म्हणून प्रोग्रॅम असा लिहावा कीं, सर्व ठीक असतां स्क्रीन जवळजवळ काळी राहील, आणि उष्णतामान १०२ ओलांडतांच मोठ्या अक्षरांत आणि आवाजानें तेवढेंच सांगेल.

शेवटीं एक व्यापक गोष्ट. गाडी विकत घेतली म्हणजे तिच्याविषयींची माहितीही मालकाची झाली कीं नाहीं, हा वाद जगभर चालू आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक-व्यवहार विभागानें २०२२ मध्यें 'दुरुस्तीच्या हक्का'साठीं समिति नेमली, आणि तिच्या विचारक्षेत्रांत मोटारींबरोबर शेतीचीं अवजारेंही होतीं. तालुक्याच्या गांवांतील लहान गॅरेज जगावयाचें असेल, तर तेथील मिस्तरीला ही भाषा आली पाहिजे. नाहीं तर प्रत्येक पिवळ्या दिव्यासाठीं गाडी जिल्ह्याच्या शोरूमकडे जाईल. भोकर, मुदखेड, हिमायतनगर अशा गांवांतील औद्योगिक शिक्षण घेणाऱ्या मुलांनीं हा फलक एकदां तरी बनवावा. प्रारंभ लहान असावा. पहिल्या दिवशीं स्क्रीनवर केवळ उष्णतामानाचा एक आंकडा आणावा, आठवडाभर तो वहींत टिपावा, सकाळ आणि दुपार, चढ आणि सपाटी, रिकामी गाडी आणि भरलेली गाडी असा भेद करून. आपल्या गाडीची नेहमींची चाल एकदां ठाऊक झाली, म्हणजे तिचा बिघाड ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं.